कुठले माने?

आवडता सिनेमा कोणता, असे आपल्यापैकी कुणाला विचारले की उत्तर ठरलेले असते. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आणि त्यातले मामुट्टी. उत्तर खरेच आहे. पण टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला की हीच मंडळी जेवणाचे ताट घेऊन समोर बसतात, हेही तितकेच खरे. मीही बसतो. चळवळीच्या माणसाने सदानकदा कपाळाला आठ्या घालून वावरावे असा काही नियम नाही.

'बनवाबनवी' १९८८ चा. दिग्दर्शन सचिन यांचे, संवाद वसंत सबनीसांचे. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची. चार तरुणांना पुण्यात खोली मिळत नाही, कारण लीलाबाई काळभोरांना भाडेकरू विवाहितच हवेत. मग दोघे साड्या नेसतात आणि पुढचे दोन-अडीच तास हसून हसून पोट दुखते. अशोक सराफांचा धनंजय माने मला पाठ आहे. तरीही दरवेळी एक गोष्ट खटकते. लीलाबाई 'कुठले माने?' असे विचारत नाहीत.

पुण्या-मुंबईत खोली शोधलेल्या आपल्या कोणत्याही पोराला विचारा. आधी नाव. नावावरून उलगडा झाला नाही तर आडनाव, तेही पुरले नाही तर गाव, मग गावात घर कोणत्या आळीला. माने हे आडनाव तर घरमालकाची पंचाईतच करणारे. मराठ्यांत माने आहेत आणि 'उपरा' लिहून १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे कैकाडी समाजातले लक्ष्मण मानेही मानेच. खऱ्या लीलाबाईंनी हा प्रश्न सोडला असता होय?

खोलीसाठी सोंग घेण्याची गोष्ट आपल्या साहित्यात त्याआधीच येऊन गेली आहे. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९१७ साली, परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले. सिनेमात सोंग उघडे पडल्यावर सगळ्यांची लग्ने जुळतात. बडोद्यात काठ्या घेतलेली माणसे दारात आली. सिनेमावाल्यांनी हे दाखवायलाच हवे होते असे माझे म्हणणे नाही. निखळ करमणूक म्हणून तो उत्तमच आहे. पण जातीचा प्रश्न बाजूला काढून ठेवल्याशिवाय मराठी विनोदाला मोकळेपणाने हसता येत नाही, हे त्यावरून दिसते.

दूरचित्रवाणीचेही तेच. 'चिमणराव' झाला, १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांचा 'वागले की दुनिया' आला, पुढे अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. यातला वागले मला सर्वांत जवळचा, कारण त्याचा विनोद स्वतःवर उलटतो, दुबळ्यावर नाही. मात्र ही सारी घरे एकाच आळीतली! आपली बाई त्या घरांत आली तर धुण्याभांड्याला, आणि हशा तिच्या बोलीवर. अलीकडे 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये गौरव मोरे 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून मिरवला तेव्हा म्हणूनच बरे वाटले. वस्तीचे नाव कुणी छाती फुगवून घेत होता.

विनोद आपल्याला परका आहे असे कुणी समजू नये. तमाशातला सोंगाड्या राजाला वेडेवाकडे प्रश्न विचारून त्याची फजिती करायचा, आणि तमाशाचे फड उभे केले ते महार-मांग कलावंतांनी. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तोच हजरजबाबीपणा प्रबोधनाला जुंपला. हसवणारे आपले होते. पुढे पडद्यावर हसे मात्र आपलेच झाले.

आता दुसरा माने. २०१४ मध्ये प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला जब्या, पूर्ण नाव जांबुवंत कचरू माने. याला 'कुठले माने' विचारायची गरजच नाही, सारे गाव जाणते. डुक्कर पकडता पकडता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. कचरूचे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. मी पाहिला तेव्हा चित्रपटगृहात या प्रसंगाला मोठा हशा पिकला होता. मराठी पडद्यावरचा इतका अस्सल विनोदी प्रसंग मला दुसरा आठवत नाही. पण पडद्यावरचे गावकरीही ही शिकार तमाशा पाहावा तशी पाहत हसत असतात. आपण नेमके कुणाबरोबर हसतो आहोत, हे कळले की हसू ओठावरच विरते. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ प्रेक्षकांच्या दिशेने.

मला हे दोन्ही माने आवडतात, आणि तिसरा पाहायची इच्छा आहे. चार पोरे, एक खोली आणि दार अर्धे उघडून 'कुठले माने?' विचारणारा घरमालक, एवढ्या भांडवलावर अख्खा फार्स उभा राहील. त्यात फजिती त्या घरमालकाची व्हावी. वस्तीवस्तीत एकांकिका बसवणारी पोरे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी यंदाच्या जयंतीला हे करून पाहावे.