राखीव प्रत

जुन्या व्यापारी पेढीवर दोन वह्यांना मोठा मान असे. दिवसभरातील व्यवहार ज्या क्रमाने घडत त्याच क्रमाने प्रथम रोजकीर्दीत उतरत आणि मग सवडीने खातेवार खतावणीत जात. खतावणीला वाळवी लागली, तरी कीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येई. परंतु दोन्ही वह्या एकाच कपाटात असल्या आणि त्या कपाटालाच आग लागली, तर येणे कोणाकडून आणि देणे कोणाचे, हे सांगण्यास काहीच साधन उरत नसे. आज ही कीर्द आणि ही खतावणी सर्व्हर नावाच्या संगणकात लिहिली जाते. मालाचा साठा, बिले, पगार, उधारी हे सारे त्याच्या पोटात असते. वाळवी आणि आग यांच्या जोडीला बिघडलेली डिस्क, चुकून दिलेली एखादी आज्ञा आणि खंडणीखोरांनी घातलेले संगणकी कुलूप ही नवी संकटे आली आहेत. दुसरी प्रत राखण्याची निकड मात्र होती तशीच आहे.

या प्रतीला व्यवहारात बॅकअप म्हणतात. पुष्कळ ठिकाणी केवळ हिशेबाच्या नोंदींचा बॅकअप घेऊन समाधान मानले जाते. तथापि सर्व्हर म्हणजे नुसत्या नोंदी नव्हेत. त्याला चालविणारी मूळ प्रणाली, तीवर बसविलेले कार्यक्रम, कोणास काय पाहण्याचा अधिकार आहे याच्या याद्या आणि वर्षानुवर्षे जुळवून आणलेली शेकडो लहानमोठी योजना, हे सर्व मिळून सर्व्हर होतो. नोंदी हाती असूनही ही मांडणी नव्याने करण्यात दिवसामागून दिवस जातात. म्हणून संपूर्ण यंत्रणेचीच प्रत घ्यावी लागते. ती नव्या यंत्रावर ठेवली की पेढी होती तशी उघडते.

येथे एक अडचण उभी राहते. २ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने उतरवून घ्यावयाची, तर सुमारे साडेपाच तास लागतात. या अवधीत सर्व्हरवर लिहिणे चालूच असते. समजा, रात्री १० वाजता साठ्याची वही उतरली आणि १ वाजता बिलांची. मधल्या तीन तासांत विकलेला माल बिलांत दिसेल, पण साठ्यातून वजा झालेला दिसणार नाही. अशी प्रत पूर्ण असते, पण खरी नसते. पूर्वी यावर उपाय म्हणजे सर्व्हर बंद ठेवून प्रत घेणे. ज्या दुकानाला रात्र आहे त्याला हे परवडते. रुग्णालयाला, बँकेला किंवा रेल्वेच्या आरक्षणाला रात्रच नसते.

ही कोंडी फोडणाऱ्या युक्तीला स्नॅपशॉट असे नाव आहे. डिस्कची जागा लहान लहान खणांत विभागलेली असते. एका ठरलेल्या क्षणी यंत्रणा जाहीर करते की, या घटकेचे चित्र जपावयाचे आहे. त्यानंतर एखाद्या खणात नवे काही लिहावयाचे झाल्यास त्यातील जुना मजकूर आधी बाजूला काढून ठेवला जातो आणि मगच नवा लिहिला जातो. प्रत घेणारा कार्यक्रम त्या गोठविलेल्या क्षणाचे चित्र पुढे कितीही तास सावकाश वाचू शकतो, आणि इकडे कामकाज अखंड चालते. स्नॅपशॉटपूर्वी डेटाबेसला एवढीच सूचना द्यावयाची की, स्मरणात रेंगाळणाऱ्या नोंदी डिस्कवर टाक आणि क्षणभर थांब. हा थांबा बहुधा काही सेकंदांचा असतो. लिनक्सवर एलव्हीएम आणि विंडोजवर व्हॉल्यूम शॅडो कॉपी ही सोय पुरवितात. तथापि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर वसत असतो. डिस्क गेली की तोही गेला.

रोज संपूर्ण प्रत घेण्याचेही कारण नाही. आठवड्यातून एकदा पूर्ण प्रत आणि इतर दिवशी फक्त बदललेले खण, अशी वाटणी करता येते. मात्र प्रतींची ही साखळी फार लांबवू नये, कारण मधली एक कडी तुटली तर पुढच्या सर्व निरुपयोगी होतात. शिवाय आजचे मोठे डेटाबेस जुन्या पेढीचाच नियम पाळतात: प्रत्येक बदल आधी कीर्दीत, मग खतावणीत. ही कीर्द मिनिटामिनिटाला दुसऱ्या गावी रवाना होत राहिली, तर संकटात गमवावे लागणारे काम एका दिवसावरून काही मिनिटांवर येते.

हा सारा क्रम वेळापत्रकाप्रमाणे आपोआप चालवावा, कारण माणूस विसरतो. पण यंत्राचाही एक दोष आहे: ते मुकाट्याने बंद पडते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक कार्यक्रमांचे मजकूर सांभाळणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेस पुसण्याची आज्ञा दिली. चूक ध्यानी येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट मजकूर नाहीसा झाला होता. बॅकअपकडे धाव घेतली, तर कोठार रिकामे! डेटाबेस ९.६ या आवृत्तीचा आणि प्रत घेणारा कार्यक्रम ९.२ या आवृत्तीचा, म्हणून प्रत घेण्याचे काम फसत होते. फसल्याची सूचना देणारी पत्रे निघत होती, पण पत्र स्वीकारणारी यंत्रणा ती बनावट समजून नाकारीत होती. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीसाठी एकाने हाताने घेतलेला स्नॅपशॉट हाती लागला आणि त्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या सहा तासांचे काम मात्र कायमचे गेले. कंपनीने ही सर्व हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली, हे तिच्या प्रांजळपणाचे लक्षण होय.

यातून निघणारा धडा असा की, काम फसल्याची सूचना येईल या भरवशावर राहू नये. गस्तवाल्याची हाक ऐकू आली की घर निर्धास्त झोपते. ती आली नाही की घराने जागे व्हावे. बॅकअप यशस्वी झाल्याची रोजची खूण ठरल्या वेळी पोहोचली नाही, तर तीच धोक्याची घंटा समजावी, आणि ही खूण तपासणारे यंत्र त्या सर्व्हरहून वेगळे असावे.

प्रत कोठे ठेवावी, हाही तितकाच मोलाचा प्रश्न आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी, हा या क्षेत्रातील रूढ दंडक आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथे सरकारी माहिती केंद्राला आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठविणारे ८५८ टेराबाइटचे कोठार जळून गेले. आकार फार मोठा म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती. याउलट नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सर्व्हर हल्लेखोरांनी कुलूपबंद केले. सुमारे दोन आठवडे पुष्कळसे काम हाताने, कागदावर करावे लागले. परंतु हल्ल्यातून वाचलेल्या एका राखीव सर्व्हरवरून रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या. म्हणून प्रत सर्व्हरने पाठवू नये, तर राखीव यंत्राने येऊन न्यावी, आणि ती पुसण्याचा अधिकार सर्व्हरला मुळीच नसावा. म्हणजे सर्व्हरच्या किल्ल्या चोराच्या हाती पडल्या, तरी कोठाराच्या पडत नाहीत.

सर्वांत शेवटचे आणि बहुधा टाळले जाणारे काम म्हणजे तालीम. महिन्यातून एकदा राखीव प्रत वेगळ्या यंत्रावर उतरवून पाहावी, एखादे जुने बिल काढावे, साठ्याची बेरीज ताडून घ्यावी आणि या सगळ्यास लागलेला वेळ लिहून ठेवावा. किती काम बुडेल आणि किती तासांत पेढी पुन्हा उघडेल, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या तालमीतच मिळतात. जी प्रत कधी उतरवून पाहिलेली नाही, तिला प्रत म्हणणे हा केवळ आशावाद ठरतो.