पेटीतल्या बाळाची खुडूक कोंबडी

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला आपल्याकडे ‘पेटीत ठेवलंय’ म्हणतात. त्याच पेटीला तुर्कस्तानात ‘क्युव्होझ’ म्हणतात, बल्गेरियात ‘कुव्ह्योझ’, रशियात ‘कुव्हेझ’. डच लोकांनी तर शब्द फ्रेंच स्पेलिंगसकट उचलला. सगळ्यांचं मूळ एकच, फ्रेंच ‘कुव्हझ’. आणि त्याचा अर्थ काय, तर अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी!

या नावामागे खरोखरच्या कोंबड्या आहेत. १८७८ च्या सुमारास स्तेफान तार्निए या पॅरिसच्या प्रसूतितज्ज्ञाने तिथल्या प्राणिसंग्रहालयात अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं. पिल्लं जगतात, मग बाळं का नाही जगणार? यंत्र बनवणाऱ्या ओदील मार्तां यांनाच त्याने बाळांसाठी तसं यंत्र करायला सांगितलं. १८८० मध्ये ते मातेर्निते प्रसूतिगृहात बसलं: दुहेरी भिंतींची लाकडी पेटी, खाली गरम पाण्याची टाकी, वर बाळं, त्यांच्यावर काचेचं झाकण. खालून शिरलेली हवा पाण्याच्या उबेने तापायची, बाळांभोवतून वर जायची आणि बाहेर पडायची. बस्स, एवढंच!

पण तेवढ्यानेच केवढा फरक पडला. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबी फारशी नसते, वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो आणि कुडकुडून ऊब निर्माण करणंही त्याला जमत नाही. ते भराभर गार पडतं. तार्निएचा सहकारी ओव्हार याने १८८३ मध्ये आकडे छापले: दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर ६६ टक्क्यांवरून ३८ वर आला होता. ना नवं औषध, ना शस्त्रक्रिया. नुसती ऊब! मला तर हे वाचून आजही थक्क व्हायला होतं.

पुढे शब्द परदेशी गेला, पण कोंबडी फ्रान्समध्येच राहिली. फ्रेंच माणूस कोंबडीलाही ‘कुव्हझ’ म्हणतो, अंड्यांच्या यंत्रालाही आणि बाळाच्या पेटीलाही. रशियनांनी मात्र वाटणी केली. कुक्कुटपालन केंद्रातल्या अंड्यांना ‘इनक्युबातर’ आणि दवाखान्यातल्या बाळांना ‘कुव्हेझ’. तुर्कीतही अंड्यांच्या यंत्राला ‘कुलुच्का माकिनेसी’ हा वेगळा शब्द आहे. म्हणजे इस्तंबूलमधली आई ‘क्युव्होझ’ म्हणते तेव्हा त्या शब्दात तिला कोंबडी ऐकूच येत नाही. तिला ऐकू येतं ते फक्त बाळ.