बातमी ते विधानभवन, व्हाया ठाणे

डोंबिवलीतल्या अनधिकृत इमारती, घोडबंदर रोडची कोंडी... सकाळच्या पेपरातली बातमी अधिवेशनात विधानसभेच्या नियम 105 ची लक्षवेधी सूचना होऊन सभागृहात पोचू शकते. तारांकित प्रश्न मात्र बरेच आधी द्यावे लागतात. त्यांची भाषा ठरलेली: ‘निदर्शनास आले, हे खरे आहे काय?’ मंत्र्यांचं उत्तरही ओळखीचं: ‘हे अंशतः खरे आहे.’ (या ‘अंशतः’वर माझं फार प्रेम!)

पण प्रश्न विचारला म्हणजे कायदा झाला, असं नाही. पत्रकारांनी खरोखर रेटून करून घेतलेला कायदा त्यांच्या स्वतःच्या संरक्षणाचा. 11 जून 2011 ला पवईत पत्रकार जे. डे यांची हत्या झाली आणि या कायद्याची जुनी मागणी पेटली. ज्येष्ठ पत्रकार एस. एम. देशमुख आणि पत्रकार हल्लाविरोधी कृती समितीनं पिच्छा सोडला नाही. 7 एप्रिल 2017 ला विधिमंडळानं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती यायला 2019 उजाडलं.

या कायद्यानुसार पत्रकारावरच्या हल्लेखोराला 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र. तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. ठाणे-कल्याणला पोलीस आयुक्तालय, म्हणून इथे सहायक पोलीस आयुक्त. आणि तक्रार खोटी निघाली, तर तक्रारदार पत्रकारालाही तीच शिक्षा!