काहिलीवरचे शेवटचे नऊ अंश

रस काहिलीत पडल्यावर पहिला तास-दीड तास थर्मामीटरकडे बघून काहीच कळत नाही. करवीर तालुक्यातल्या ज्या गुऱ्हाळावर मी बसलो होतो, तिथला गुळव्या त्या वेळात थर्मामीटरकडे फिरकलाही नाही. त्याचं सगळं लक्ष मळीवर. रानभेंडीचं चिकट पाणी रसात सोडलं की त्यातला गाळ धरून करडी-हिरवी साय वर येते, ती झाऱ्याने ओढून बाजूला टाकायची. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला गडी वाळलेली चिपाडं सारत असतो, त्यालाही मान वर करायला फुरसत नसते. उकळी फुटते आणि लांब दांड्याच्या थर्मामीटरचा काटा 98-99 अंशांवर येऊन थांबतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे, त्यामुळे नुसतं पाणीही इथे 98 अंश सेल्सिअसच्या जवळपासच उकळतं. हजार लिटर रसात दोनशे किलोंवर साखर आहे आणि तरी तो उकळतो जवळजवळ पाण्यासारखाच. मी रसायनशास्त्र शिकवतो, हा आकडा मला पाठ आहे. पण समोर एवढी मोठी काहील खदखदत असताना तो पटायला वेळ लागतो.

फ्रान्समधल्या ग्रेनोबल विद्यापीठात फ्रांस्वा राऊल्ट यांनी एकोणिसाव्या शतकात या कोड्याचा पाठपुरावा केला. पाण्यात एखादा न उडणारा पदार्थ विरघळवला की पाण्याचा बाष्पदाब उतरतो, उत्कलनांक चढतो, गोठणांक खाली जातो. हे किती होईल, ते विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं. कण साखरेचे आहेत, युरियाचे की आणखी कशाचे, याला द्रावण विरळ असेपर्यंत फारसं महत्त्व नसतं. यांनाच कोलिगेटिव्ह गुणधर्म म्हणतात. एक किलो पाण्यात साखरेचा एक मोल, म्हणजे 342 ग्रॅम साखर, घातली तर उत्कलनांक जेमतेम अर्धा अंश वाढतो. साखरेचा रेणू वजनदार, त्यामुळे किलोंच्या मानाने संख्येत ती थोडी भरते.

आता हजार लिटरांचा हिशेब ढोबळमानाने मांडू. वीस ब्रिक्सच्या, म्हणजे वजनाने वीस टक्के साखर असलेल्या, रसात सुमारे 215 किलो साखर आणि 860 लिटर पाणी धरलं, तर त्यातलं निम्मं पाणी उडून गेलं तरी काटा पाण्याच्या उत्कलनांकाच्या एखादा अंशच वर असतो. चिपाडांचे ढीग त्या एका अंशात संपतात. मग रस दाटतो, फेस फुगून काठाशी येतो, शेंगतेलाचे चार थेंब पडले की खाली बसतो, रंग मधासारखा होतो. 105-106 अंशांना काढून घेतली तर ती काकवी. तिथून पुढे मात्र काट्याची चाल बदलते. 109 पासून 118 अंशांपर्यंत जायला काहिलीतून जेमतेम 25 लिटर पाणी जावं लागतं. आठशेहून जास्त लिटर पाणी उडालं तेव्हा दहाएक अंश चढले आणि एवढ्याशा पाण्याने नऊ! राऊल्टचं साधं सूत्र इथे अपुरं पडतं, कारण उरलेलं थोडंसं पाणी साखरेच्या रेणूंनी स्वतःशी धरून ठेवलेलं असतं आणि खरी वाढ सूत्राच्या उत्तरापेक्षा मोठी निघते.

या नऊ अंशांत गुऱ्हाळाचा सगळा नूर पालटतो. जाळ कमी करायची हाक जाते, दोन गडी काहिलीच्या दोन्ही अंगांना उभे राहतात आणि गुळव्या पाण्याचं भांडं जवळ ओढतो. फावड्याच्या टोकावरचा पाक तो पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर मारतो. पहिली गोळी चपटी झाली. पुढची थोडी दबली. तिसरीचा टण् आवाज आला तेव्हा काटा 118 च्या किंचित खाली होता आणि काहील उतरवायला सुरुवात झाली होती.

मी विचारलं, “मामा, थर्मामीटर बघून उतरवलं तर चालणार नाही का?”

“चालतंय की. पन ऊस कवा तोडलाय ते आधी इचारा सर, मग काटा बघा.”

या उत्तरात रसायनशास्त्र काठोकाठ भरलेलं आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर फुटू लागते. एका रेणूचे दोन होतात, एक ग्लुकोजचा आणि एक फ्रुक्टोजचा. वजन जवळजवळ तेवढंच, पण कणांची संख्या दुप्पट. थर्मामीटरला संख्येचाच परिणाम दिसतो. त्यामुळे शिळ्या उसाच्या रसात पाणी जास्त शिल्लक असतानाच काटा 118 वर पोचतो आणि त्याच्या भरवशावर काहील उतरवली तर गूळ वाफ्यात बसत नाही, लिबलिबीत राहतो. गोळी मात्र पाकाचा घट्टपणाच सांगते, कण कितीही असोत. मला हे फार मोलाचं वाटतं: गुळव्याचा हात आणि थर्मामीटर दोन वेगळ्या गोष्टी मोजतात, म्हणून एकाने दुसऱ्याची सुट्टी करायची हा वादच चुकीचा आहे. काटा आणि गोळी जुळली तर ऊस ताजा होता. काटा पुढे आणि गोळी मागे असेल तर साखर बहुधा आधीच फुटलेली आहे.

रसात घालतात त्या चुन्याचं कामही इथेच कळतं. रस आंबट असेल तर उकळताना साखर आणखी फुटते. चुन्याने आंबटपणा उतरतो. हात जड झाला तर मात्र गूळ काळा पडतो.

नदीकाठच्या खारवट जमिनीतल्या उसात मिठासारखे क्षारही जास्त येतात. मिठाचा प्रत्येक घटक पाण्यात दोन आयनांत सुटतो आणि दोन कण म्हणून मोजला जातो, त्यामुळे तिथेही काटा गोळीच्या पुढे धावतो. याकोबस व्हान्ट हॉफ यांनी अशा सुट्या कणांचा हिशेब सूत्रात बसवला. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, 1901 सालचं, त्यांना मिळालं ते द्रावणांवरच्या कामासाठीही.

राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत गुळाची पेठ उभी राहिली आणि 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटण्याची तक्रार अजून आहे. तीही बाष्पदाबाचीच. ढेपेच्या अंगावर ग्लुकोज-फ्रुक्टोजचा पातळ ओलसर थर असतो. संपृक्त फ्रुक्टोजच्या द्रावणाचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. आषाढातल्या हवेत वाफ त्याहून जास्त, म्हणून ती हवेतून ढेपेत शिरत राहते आणि गूळ पाझरतो. साखर जेवढी फुटलेली, तेवढा पाझर जास्त. गुळाच्या ढेपा कोरड्या, थंड शीतगृहात ठेवतात त्या याच कारणासाठी, आणि ज्या उसाचं गाळप तोडणीच्या दिवशीच झालं त्याच्या ढेपा तिथे सगळ्यात जास्त टिकतात.