शक्ती कुणाची? संमोहन करणाऱ्याची की होणाऱ्याची?

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. दोन्ही हात पुढे पसरलेला पाद्री आणि त्या हातांखाली मागे कलंडणारी बाई. रामचंद्र पांडुरंग कामत यांचं हे १९४५चं शिल्प पाहून कुणालाही वाटेल की सगळी जादू त्या हातांत आहे. फारियाचं म्हणणं मात्र नेमकं उलट होतं.

१७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या गोंयकाराने १८१३पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. मेस्मर या डॉक्टरच्या अदृश्य ‘चुंबकीय द्रवा’ची भुरळ तिथे अजून ओसरली नव्हती, १७८४च्या सरकारी चौकशीत फ्रँकलिन आणि लव्हाझिए या शास्त्रज्ञांनी तो द्रव खोटा ठरवला होता, तरीही. फारिया समोरच्याला खुर्चीत आरामात बसवी, मन एकाग्र करायला लावी आणि ‘झोपा!’ असा हुकूम सोडी. गुण त्या झोपणाऱ्याच्या अंगी असतो, माझ्या अंगी नव्हे, असं तो बजावून सांगे.

पुढे बंगालमध्ये हुगळीला जेम्स एसडेल या स्कॉटिश डॉक्टरने १८४५ साली एका कैद्याच्या अंडवृद्धीची शस्त्रक्रिया, अंगावरून हात फिरवत आणलेल्या अशाच गुंगीत केली आणि मग शेकडो रुग्णांवर तोच मार्ग वापरला. पण इथर आणि क्लोरोफॉर्म आले. तासन्‌तास हात फिरवत बसण्यापेक्षा बाटली उघडणं सोपं, त्यामुळे शस्त्रक्रियेत संमोहन मागे पडलं ते पडलंच.

आज त्याचा सर्वांत भक्कम उपयोग दिसतो तो पोटाच्या तक्रारीत. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणजे तपासण्या स्वच्छ, पण पोटात कळा, फुगारा, कधी जुलाब तर कधी मलावरोध. मँचेस्टरचे डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ साली, औषधांनी हात टेकलेल्या ३० रुग्णांवर तुलनात्मक प्रयोग केला आणि संमोहनाच्या गटात मोठा फरक पडला. पद्धत अगदी साधी. रुग्णाला शिथिल करायचं, पोटावर तळहात ठेवायला सांगायचं, तिथे ऊब पसरते आहे आणि आतडी संथ वाहत्या नदीसारखी चालली आहेत अशी कल्पना करायला लावायची. मग हेच घरी रोज, स्वतःचं स्वतः. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शिकेतही, १२ महिने औषधं घेऊन गुण न आलेल्या आयबीएसच्या रुग्णांसाठी या उपचाराचा विचार सुचवला आहे.

वेदनेचंही तसंच. १९९७च्या एका प्रयोगात लोकांनी हात गरम पाण्यात बुडवले होते. संमोहनात ‘त्रास कमी होतोय’ अशी सूचना मिळाल्यावर मेंदूच्या त्रासाशी निगडित भागातली हालचाल खरोखरच बदललेली दिसली. म्हणजे ते लोक नुसतं बरं वाटल्याचं नाटक करत नव्हते.

सगळ्यांना सारखाच गुण येत नाही, हेही खरं. कुणी चटकन रंगतो, कुणी ढिम्म हलत नाही. स्टॅनफर्डमध्ये २५ वर्षांनी त्याच माणसांची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा हा स्वभाव बराचसा तसाच राहिलेला आढळला. सिगारेट सोडवण्याबाबत पुरावा कच्चा आहे. आणि संमोहनात ‘पूर्वजन्म’ किंवा विसरलेल्या आठवणी उकरून काढणं हा तर धोक्याचाच खेळ, कारण त्या अवस्थेत सुचवलेली गोष्टही खरी आठवण वाटू लागते.

तेव्हा एका बैठकीत आयुष्य बदलून देण्याची हमी देणाऱ्याच्या नादी लागू नका. प्रशिक्षित डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ शोधा. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर संमोहन नंतर; आधी पोट तपासून घ्या.