फिरती दुर्बीण आणि केबलीचा पीळ

खुंटाला बांधलेली गाय चरता चरता एकाच बाजूने फिरू लागली, की तिचे दावे खुंटावर गुंडाळले जाते. प्रत्येक फेरीबरोबर दावे आखूड होते आणि शेवटी गाईची मान खुंटाशी येऊन अडकते. ते सोडवावयाचे तर गाय ज्या बाजूने फिरली, तिच्या उलट बाजूने तितक्याच फेऱ्या तिला फिरवावे लागते. ही गोष्ट गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. परंतु मोटरीवर फिरणाऱ्या आणि संगणकाच्या आज्ञेत वागणाऱ्या दुर्बिणीला ती मुद्दाम शिकवावी लागते. ती कशी, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

दुर्बिणीचे दावे

आजच्या बहुतेक संगणकचलित दुर्बिणींची बैठक दोन प्रकारे हलते. एक हालचाल आडवी, म्हणजे क्षितिजाला समांतर. तिने साधणाऱ्या कोनास दिगंश म्हणतात. दुसरी हालचाल खालून वर. तिच्या कोनास उन्नतांश म्हणतात. दिगंश उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात. उत्तरेस शून्य, पूर्वेस ९०, दक्षिणेस १८० आणि पश्चिमेस २७० अंश. निरीक्षकाने ताऱ्याचे नाव सांगावे. संगणक हे दोन कोन काढतो आणि मोटरी दुर्बीण तिकडे वळवितात. पुढे पृथ्वीच्या भ्रमणामुळे तारा सरकत जातो, तसतशी दुर्बीणही सावकाश सरकत राहते.

ह्या दुर्बिणीवर कॅमेरा असतो, मोटरी असतात आणि भिंगावर दव धरू नये म्हणून ऊब देणारी पट्टी असते. प्रत्येकीला केबल लागते. केबलीचे एक टोक दुर्बिणीबरोबर फिरते, दुसरे जमिनीवरच्या बॅटरीला किंवा संगणकाला जोडलेले, म्हणजे स्थिर असते. आपल्या दृष्टान्तातील दावे ते हेच.

रोहिणीची एक रात्र

छत्तीसगडची राजधानी रायपूर सुमारे २१ अंश १५ कला उत्तर अक्षांशावर वसली आहे. म्हणून तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर दिसतो. अशा ठिकाणी शाळेच्या गच्चीवर डिसेंबरच्या मध्यास एक दुर्बीण मांडली आहे, अशी कल्पना करू. सायंकाळी सातच्या सुमारास रोहिणी नक्षत्राचा तांबूस तारा पूर्वेस असतो. त्याचा दिगंश तेव्हा सुमारे ८४ अंश भरतो. रायपूरच्या आकाशात हा तारा डोक्यावरच्या बिंदूच्या जवळजवळ ५ अंश दक्षिणेकडून जातो. त्यामुळे त्याच्यामागे जाणारी दुर्बीण पूर्वेकडून दक्षिणेकडे आणि दक्षिणेकडून पश्चिमेकडे वळते. पहाटे साडेतीनच्या सुमारास ती सुमारे २७८ अंशांवर पोहोचलेली असते. एव्हाना केबलीला १९४ अंशांचा पीळ बसलेला असतो.

आता निरीक्षकास स्वाती पाहावयाची आहे. ती ह्याच वेळी पूर्वेस, सुमारे ७५ अंशांवर, नुकतीच वर आलेली असते. दुर्बिणीने कोणत्या बाजूने वळावे? उत्तरेकडून गेल्यास १५७ अंश जावे लागते. आल्या वाटेने, दक्षिणेकडून, गेल्यास २०३ अंश. जवळची वाट निवडणारा साधा संगणक अर्थातच उत्तरेकडून जाईल. परंतु १९४ आणि १५७ यांची बेरीज ३५१ होते! म्हणजे एका रात्रीत केबलीचा जवळजवळ पूर्ण वेढा बसला. दूरची वाट धरली असती, तर पीळ उलगडून केबल मूळच्या जागेपासून अवघ्या ९ अंशांवर आली असती. हीच निरीक्षणे याच रीतीने सात रात्री केली, तर सात वेढे बसतील आणि इतकी सैल केबल कोणत्याही गच्चीवर नसते.

आता रोहिणीच्या शेजारच्या कृत्तिका घ्या. त्या रायपुरात डोक्यावरच्या बिंदूच्या सुमारे ३ अंश उत्तरेकडून जातात. त्यांच्यामागे जाणारी दुर्बीण पूर्वेकडून उत्तरेकडे वळून पश्चिमेस येते. तेथून स्वातीकडे जाण्याची जवळची वाटही उत्तरेकडूनच आहे. ह्या वेळी मात्र त्याच वाटेने केबल उलगडते. नियम तोच, नक्षत्रे शेजारशेजारची. पण एकीपाठोपाठ पीळ वाढतो, तर दुसरीपाठोपाठ पीळ सुटतो. म्हणून ‘जवळची वाट धरावी’ हा नियम दुर्बिणीला पुरत नाही. आपण कोठे आहोत ह्याबरोबरच आपण तेथे कोणत्या बाजूने आलो, हेही तिने ध्यानात ठेवले पाहिजे. ७५ अंश आणि त्यावर एक फेरी, म्हणजे ४३५ अंश, ही आकाशातील एकच दिशा होय. केबलीच्या दृष्टीने मात्र त्या दोन अगदी भिन्न अवस्था आहेत.

खोडद येथील व्यवस्था

ह्याच अडचणीचे मोठे रूप महाराष्ट्रात पाहावयास मिळते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. १४ तबकड्या मध्यभागी आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात तीन शाखांवर पसरलेल्या आहेत. प्रत्येक तबकडी दोन अक्षांवर फिरते आणि प्रत्येकीतून केबली खाली जमिनीकडे येतात.

येथे तबकडीला आडव्या दिशेने मनसोक्त फिरण्याची मुभा नाही. मधल्या स्थितीपासून प्रत्येक बाजूस २७० अंश, एवढीच तिची मर्यादा. दोन्ही मिळून ५४० अंश होतात, म्हणजे दीड फेरी. त्यामुळे प्रत्येक दिशा किमान एका मार्गाने गाठता येते आणि निम्म्या दिशा दोन मार्गांनी. कोणता मार्ग घेतल्यास निरीक्षण मध्येच मर्यादेवर येऊन थांबणार नाही, ह्याचा विचार आधी करावा लागतो. तबकडी आडव्या दिशेने मिनिटास सुमारे ३० अंश वळते. म्हणजे एक पूर्ण वेढा उलगडण्यास १२ मिनिटे जातात आणि तेवढा वेळ निरीक्षण होत नाही. ह्या सोयीचे मोल वेळेच्या रूपाने असे द्यावे लागते.

उपाय कोणते

पहिला उपाय म्हणजे फेऱ्यांची मोजदाद. केबल जेथे पूर्ण सैल असते, ती दिशा शून्य मानावी आणि संगणकाने तेथून दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवावा. मर्यादा जवळ आली, की वाट कितीही लांबची असली तरी उलटे फिरावे.

दुसरा उपाय केबलीच्या मांडणीचा. सर्व केबली एकत्र बांधून बैठकीच्या पोकळ मध्यातून खाली सोडल्या, तर त्या बैठकीभोवती गुंडाळल्या जात नाहीत. त्यांना केवळ पीळ बसतो आणि तो लांबीवर विभागला जातो. जेथे मध्य पोकळ नसेल तेथे घड्याळाच्या कमानीसारखी सैल गुंडाळी ठेवावी. दुर्बीण एका बाजूस फिरता ती आवळते, दुसऱ्या बाजूस फिरता उलगडते. केबल जोडाच्या अगदी जवळ दुर्बिणीला बांधून टाकावी, म्हणजे ओढ बसलीच तर ती जोडावर न येता बांधणीवर येते.

तिसरा उपाय केबल टाळण्याचा. धातूच्या फिरत्या कड्यांवर घासणारे स्पर्शक बसवून वीज नेली, तर दुर्बीण हवी तितकी फिरू शकते. मात्र ही कडी झिजतात, त्यांवर धूळ बसते आणि नाजूक संकेतांत खरखर मिसळते. लहान दुर्बिणीवर बॅटरीच फिरत्या भागावर बसविणे अधिक सुटसुटीत.

वीज गेल्यावर

एवढे सर्व करूनही एक धोका उरतो. वीज गेली आणि परत आली, की पुष्कळशा लहान दुर्बिणींचा संगणक फेऱ्यांचा हिशेब विसरतो. एखादा ओळखीचा तारा दाखविला, की आपण पूर्वेस आहोत हे त्याला पुन्हा कळते; परंतु अंगावर किती वेढे आहेत, हे त्याला कळत नाही. अशा वेळी माणसानेच उठून, टॉर्चच्या प्रकाशात केबलीकडे पाहावयाचे असते. बैठकीच्या स्थिर व फिरत्या भागांवर समोरासमोर एकेक रंगीत खूण करावी. दोन्ही खुणा जुळल्या आणि केबल सैल लोंबत असली, की ती शून्याची स्थिती समजावी. मोठ्या यंत्रांत ह्याखेरीज शेवटचा पहारेकरी म्हणून एक कळ असते. मर्यादा ओलांडताच ती मोटरीची वीज तोडते, संगणक काही म्हणो.

ही काळजी क्षुल्लक नाही. ताणलेली केबल प्रथम दुर्बिणीला किंचित मागे ओढते आणि छायाचित्रातील तारा बिंदूऐवजी रेघ होऊन उमटतो. पुढे जोड तुटतो किंवा मोटरीचे दाते झिजतात. रायपुरात पावसाळ्याचे चार महिने आकाश बहुधा ढगाळ असते. उरलेल्या रात्रींपैकीही सगळ्याच स्वच्छ मिळतात असे नाही. त्यांतील एखादी रात्र ग्रहणाची असते. ती गेली तर वर्षानुवर्षे परत येत नाही. म्हणून निरीक्षणास बसण्यापूर्वी एक साधा परिपाठ ठेवावा. दिवस असतानाच दुर्बीण दोन्ही बाजूंना मर्यादेपर्यंत सावकाश फिरवून पाहावी आणि त्या वेळी आकाशाकडे न पाहता केबलीकडे पाहावे. ती कोठे अडते, कोठे घासते, हे उजेडी कळले, की रात्री निश्चिंतपणे वर पाहता येते.