उभी गाडी का थरथरते?



गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला एक खोड लागली. रस्त्यावर ठीक चालायची, पण पलासिया चौकात सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. दोनदा तर बंदच पडली. मागे नात बसलेली होती. एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, दुसऱ्या ठिकाणी ‘रेस’ वाढवून दिली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. वर्गात आपण सांगतो की उत्तर पाठ करू नका, कारण शोधा. मग म्हटले, आपणही शोधू या.

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना गरम इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. यालाच आयडल म्हणतात. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आयडलला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असल्याने आत येणारी एकूण हवाच थोडी असते. म्हणून या प्रमाणातली लहानशी चूकही इंजिनाला अडखळवते. वेगात असताना तीच चूक झाकली जाते.

लक्षणांवरून कारण असे ओळखावे :

१) काटा स्थिर, फक्त थरथर जास्त – इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते ते झिजले असेल.

२) राहून राहून झटका, म्हणजे ‘मिसिंग’ – प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर तपासावा.

३) फेरे कमी, एसी लावताच इंजिन बंद पडू पाहते – थ्रॉटल बॉडीत काजळी साचून हवेची वाट अरुंद झाली असेल. ती साफ करून घ्यावी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप मात्र बोटाने ढकलू नये.

४) बॉनेटखालून ‘फुस्स’ असा आवाज – व्हॅक्यूमची रबरी नळी तडकून बाहेरची हवा आत जात असेल.

इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल, तर कोणताही भाग बदलण्याआधी स्कॅनर लावून घ्यावा.

माझ्या गाडीत यांपैकी एकही लक्षण नीट जुळेना. मग ध्यानात आले की ब्रेकवर पाय ठेवला की थरथर वाढते, पाय काढला की कमी होते. सिग्नलला आपण ब्रेक दाबूनच उभे असतो! ब्रेक हलका करणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला होता. ब्रेक दाबला की तिथून हवा इंजिनात शिरे. मिस्त्रींनी बूस्टरची नळी चिमट्याने दाबून धरताच इंजिन शांत झाले. बूस्टर बदलला, खोड गेली. रेस वाढवून आम्ही ब्रेकचा दोषच झाकत होतो, हे कळल्यावर अंगावर काटा आला.

ही तपासणी घरीही होते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावा. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा, म्हणजे पेडल कडक होईल. ते दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर गाडी सरळ मिस्त्रींना दाखवा. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका, धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

सकाळी शाळेच्या फाटकाशी मुलांना सोडायला आलेल्या गाड्यांची रांग लागते. त्यातली एखादी थरथरत असेल, तर नुसती रेस वाढवून घेऊ नका. कारण विचारा.

– मुख्याध्यापक